सूपभर कोंड्याची पोर

आष्ट्यात लढाईच्या त्या वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक पोराने आईच्या दुधाआधी काही चाखलं असेल, तर ती आमच्या न्हाऊ घालणाऱ्या मावशीची शिवी. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालावं ते तिनेच. नावाने तिला कुणी हाक मारत नसे. गावभर ती मावशीच. गुटगुटीत बाळ पायांवर घेतलं की म्हणायची, "काय ही घूस! कुणी टाकली गं हितं?" बाळाचं कौतुक केलेलं तिला अजिबात खपायचं नाही. एकदा सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याची बायको भाचा बघायला आली आणि "काय गोरंगोमटं बाळ!" म्हणून बसली. मावशीने चुलीतली राख बाळाच्या कपाळाला फासली आणि उरलेली त्या बाईच्या नव्या लुगड्याला पुसली. "आता दोगांस्नीबी दिष्ट लागायची न्हाई," म्हणाली. बाई पुन्हा काही आष्ट्याला फिरकली नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता यायचं. पण तिच्या एका सवयीने मात्र भल्याभल्यांच्या अंगावर काटा यायचा. न्हाणीत ती दोन पाट मांडायची. एकावर स्वतः पाय पसरून बसायची. दुसरा समोर, रिकामा. "सटवाईला बसाया नगं व्हय? उबी ऱ्हायली की रुसती." सटवाई पाचवीला येते, पोराच्या कपाळी नशीब लिहिते आणि जाते, असं आपण मानतो. मावशीचं म्हणणं, ती जात नाही, दारातच घुटमळते. म्हणून आधी रिकाम्या पाटावर तांब्याभर ऊन पाणी ओतायची आणि मग त्या पाटाशी चक्क भांडायची, "आगं, लय कढत न्हाई! तुला काय कळतंय? तू कवा पोर वाढवलंस?" मग गप्प बसून उत्तर ऐकायची. पायांवरचं बाळही तिकडेच टक लावून बघायचं. आमच्या न्हाणीतला तो पाट नंतर मी उचलला की हाताला ऊब लागायची. ऊन पाण्याची, दुसरं काय, असं मी स्वतःला बजावायची.

माझी पहिली दोन बाळं बारशाआधीच गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा आमचे हे पलटणीत, दूर कुठेतरी. पाचवीला मावशीने पोरीला सुपात घातलं, माझ्या पदरात सूपभर कोंडा ओतला आणि म्हणाली, "इकत घेतली. आजपासनं ही माजी. पाच वर्सं भरली की कोंडा परत दे, पोर ने. तवर माजी म्हनायचं न्हाई. दारात ऐकनारी उबी हाय."

म्हणून पोर कोंडी झाली. मला ती वैनी म्हणायची, शेजारपाजारच्या पोरांसारखी. ह्यांचं पत्र आलं, "आपली मुलगी कशी आहे?" मी उत्तर धाडलं, "मावशीची कोंडी बरी आहे." बायकोला वेड लागलं असं त्यांना वाटलं असणार. लागलंच होतं म्हणा.

तीन वर्षांची असताना कोंडी तापाने फणफणली. भर दुपार. मावशी उशाशी बसली होती. न्हाणीत सकाळपासून कुणी गेलं नव्हतं, तरी तिथून पाट सरकल्याचा आवाज आला. तापात कोंडी कण्हली, "आई गं!" मी झेपावले. मावशीने मनगट धरलं आणि न्हाणीकडे तोंड करून खणखणीत विचारलं, "कुनाची गं ही पोर?"

देवा, त्या घटकेला माझी म्हणावंसं किती वाटलं!

"तुमची, मावशी."

"ऐकलंस न्हवं?" मावशी न्हाणीला म्हणाली. "न्यायची तर माज्याकडनं ने. देतीय व्हय मी!"

संध्याकाळी ताप उतरला. कोंडीने भाकरी मागितली आणि मावशीने तिला दोन नव्या शिव्या दिल्या.

पाच वर्षं भरायला महिना राहिला आणि मावशीच गेली. मी रडले ते मावशीसाठी, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही. विकत घेणारीच गेली. आता पोर परत कुणाकडून घ्यायची? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळूच म्हणाल्या, "आता जल्मभर तिचीच."

पाच वर्षं भरली त्या सकाळी मी न्हाणीत दोन पाट मांडले. एकावर कोंडीला न्हाऊ घातलं. दुसऱ्यावर कोंड्याचं सूप ठेवलं, म्हणून पाणी काही ओतलं नाही.

"आता मला आई म्हण," मी म्हटलं.

कोंडी बिचकली. "वैनी, मावशीला इचारू?"

सुपाच्या पाटासमोर ती मान कलती करून उभी राहिली आणि थेट मावशीसारखी ऐकू लागली. मग वळली. "मावशी म्हनती, ने म्हनावं. पर लय कवतिक करायचं न्हाई."

मी सूप उचललं. पाटाला हात लावला. पाट ऊन होता.

"आई," कोंडी म्हणाली, "रडतीस का गं?"

मी तिला ओलीचिंब तशीच पोटाशी धरली. पाच वर्षं तोंडात अडकलेलं सगळं लाडाचं बोलणं ओठांवर आलं, आणि मी दाराकडे बघून मोठ्याने म्हटलं, "मेली घूस! माझी घूस!"