क्रुसाखालची किल्ली

पडदा वर जातो तो रत्नागिरीतल्या एका लहानशा चर्चमध्ये. खिडकीतून तिरपं ऊन आत आलेलं, मागे समुद्राची गाज, मधोमध लाकडी क्रूस आणि त्याच्या पायाशी पितळेची परात. राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. माणसं कपाळाला राख लावून परत फिरताहेत. एवढ्यात इनास पुढे येतो. सत्तरीला टेकलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, मान ताठ. खिशातून स्कूटरची किल्ली काढतो आणि परातीत टाकतो. खण्ण!

फादर त्या दिवशी म्हणाले होते की हवाही देवाचीच, ती आपण नासवली. तेव्हा ज्याला जमेल त्यानं गाडीची किल्ली क्रुसाखाली ठेवून ईस्टरपर्यंत गाडी सोडावी, एस्टीनं जावं, चालावं. माना सगळ्यांनीच डोलावल्या, किल्ली ठेवली एकट्या इनासनं. त्याला ते लागलंच तसं होतं. गॅरेजात जन्म गेलेला, गावभरच्या गाड्यांचा धूर छातीत घेतलेला. आणि त्याची स्वतःची स्कूटर तर अशी की बाजारातली मथुरा तोंडाला पदर लावून म्हणायची, "इनासबाब, बांगडे इथेच धुरावून नेताव काय?"

त्याच स्कूटरवर मागे एका अंगाला बसून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, त्याच्या बायकोचा, नतालीनचा, सगळा संसार झाला.

उपासकाळ निम्मा सरला आणि एका रविवारी, चर्चमधली मिस्सेची प्रार्थना सुटता सुटता नतालीनचा फोन वाजला. गणपतीपुळ्याच्या एका लॉजातून. तिथे स्वयंपाक करणारी तिची थोरली बहीण रोझा. आई लवकर गेली, तेव्हा नतालीनला हिनंच वाढवलेलं. ती शेवटच्या घटका मोजत होती आणि नतालीनला बोलावत होती.

"किल्ली घ्या," नतालीन म्हणाली. "रविवार उपासात धरत नाहीत."

फादरही तेच म्हणाले. परात उचलून त्यांनी त्याच्यापुढे धरलीसुद्धा. पण चर्चच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती, बघत होती. इनासचा हात पुढे झाला नाही.

"क्रुसाखाली ठेवलं ते ठेवलं," तो म्हणाला. "एस्टी आहे की."

रिक्षाचं नाव काढलं तर तीही त्यानं नको म्हटली.

एस्टी निघाली वेळेवर. आरे-वारेच्या पुढे मात्र सुट्टीला आलेल्यांच्या मोटारी नाकाला नाक लावून उभ्या. एकेका मोटारीत एकेक, दोनदोन माणसं. इनासच्या मनात आलं, फादर बोलले ते खोटं नव्हतं. पण रस्त्याच्या कडेनं, एस्टीला घासून, स्कूटरी मात्र पुढे सटकत होत्या. नतालीन खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. हातात जपमाळ होती, मणी पुढे सरकत नव्हता. शब्द देवाला दिला होता की पायरीवरच्या माणसांना, हे त्याला तिथे, त्या तापलेल्या एस्टीत, कळून चुकलं.

ती दोघं पोचली तेव्हा रोझाची हनुवटी रुमालानं बांधलेली होती आणि उशाशी मेणबत्ती लावलेली होती. लॉजातली दीपाली रडत म्हणाली की आतापर्यंत दाराकडेच डोळे होते, नतालीन आली काय, नतालीन आली काय, एवढंच चाललं होतं. नतालीननं बहिणीच्या कपाळावरचे केस मागे सारले. नवऱ्याला ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

ईस्टरला फादरांनी सगळ्यांसमोर किल्ली परत दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इनासनं मान वर केली नाही.

घरी येऊन त्यानं स्कूटर पुसली. एवढे दिवस पडून असलेली, तरी पहिल्याच किकला सुरू झाली. दाराशी आणून उभी केली. रोझाला पुरलं होतं ती दफनभूमी शहराबाहेर होती.

"बस गो," तो म्हणाला. "रोझाला फुलं ठेवून येऊ. लगेच पोचू."

नतालीन फुलं घेऊन बाहेर आली. मागच्या सीटवर, आपल्या नेहमीच्या जागेवर, तिनं क्षणभर हात ठेवला. मग छत्री उघडली.

"आता घाई कसली?" ती म्हणाली. "एस्टीनं जाऊ."