दाजींची चिकटपट्टी

तापलेली वस्तू समोर असताना स्वस्थ बसता येईल असा एकही क्षण माझ्या सातारच्या साडूंच्या आयुष्यात उगवला नव्हता. निदान माझ्या मुलीचे लग्न होईपर्यंत तरी नव्हता. त्या लग्नात, सांगलीच्या भरल्या मंगल कार्यालयात, त्यांचे हसे झाले. ज्या चुकीमुळे ते झाले ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. आणि ती मी तीन वर्षे लपवून ठेवली. मी शाळेत संस्कृत शिकवतो. ‘फळ्यावर हे ज्याने लिहिले त्याने उभे राहावे’ असे मुलांना बजावण्यात माझी हयात गेली, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी बसून राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांची थोडी थट्टा केली तर ती करणाऱ्याची लायकी वाचकांना ठाऊक असेल.

नात्याने ते माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पत्नी त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. लष्कराच्या सिग्नल विभागात बिनतारी संच दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षे खर्ची पडली, आणि त्यातली बरीचशी राजस्थानच्या वाळवंटात. तिथे शत्रूपेक्षा उन्हानेच जास्त संच निकामी केले असे ते सांगत. निवृत्त होऊन साताऱ्यात परतले तेव्हा पेन्शन आणि उष्णतेशी वैर एवढेच ते बरोबर घेऊन आले होते. आमच्या घरी आले की चपला काढून ते थेट टीव्हीपाशी जात, आणि आजारी मुलाच्या कपाळाला आई लावते तसा पालथा हात त्याच्या पाठीला लावत. मग फ्रिज, मग रेडिओ, मग विजेचे मीटर. ‘मास्तर, ह्याला ताप हाय,’ असे निदान झाल्यावरच पाण्याचा तांब्या हातात घेत. एकदा सासूबाई आमच्याकडे तापाने फणफणल्या होत्या, म्हणून त्यांना पाहायला दाजी मुद्दाम साताऱ्याहून आले. आल्याबरोबर टीव्ही, फ्रिज आणि रेडिओ यांची विचारपूस झाली. सासूबाई पांघरुणातून म्हणाल्या, ‘जावयबापू, माझा नंबर कवा यायचा?’ दाजींनी त्यांच्याही कपाळाला हात लावला आणि गंभीरपणे सांगितले, ‘तुमच्यापरीस टीव्ही जास्त तापलाय. तुमी बऱ्या व्हाल.’

आमच्या भागात कॉम्प्युटर आले आणि दाजींना जणू नवी नेमणूक मिळाली. कॉम्प्युटरच्या पेटीत एक चपटी चौकोनी चिप असते. सगळा विचार तीच करते आणि विचार करकरून तापते. ती निवावी म्हणून तिच्यावर कंगव्यासारखे दात असलेला अल्युमिनियमचा तुकडा बसवतात, त्याला हीटसिंक म्हणतात. हे दाजींनी मला इतक्या वेळा सांगितले आहे की मी ते झोपेतही म्हणून दाखवीन. हा तुकडा बसवायला इतर लोक क्लिपा वापरत, वर पंखाही लावत. दाजींचा विश्वास एका करड्या, दोन्ही अंगांनी चिकट असलेल्या पट्टीवर होता. ही पट्टी नुसती धरून ठेवत नाही, तर चिपची उष्णता पलीकडे अल्युमिनियममध्ये जाऊ देते. तेव्हा ती साताऱ्यात मिळत नसे, सांगलीतही नाही. विट्याचे एक गलाईवाले, मद्रासला सोने आटवण्याचे दुकान चालवणारे, दाजींचे स्नेही होते. ते ती पाठवत. दिवसभर भट्टीपुढे बसणारा माणूस वस्तू निववण्याची पट्टी पाठवतो याचे मला हसू येई. ‘त्यालाच कळणार की, मास्तर,’ दाजी म्हणत. ‘आपल्याला आग म्हंजी च्याच्या भांड्याखालची.’

हीटसिंक मात्र ते विकत आणत नसत. गणपतीत ओरडून ओरडून जळालेले ॲम्प्लिफायर मंडळांकडून मागून आणत आणि त्यांच्या पाठीवरचे दातेरी अल्युमिनियम स्वयंपाकाच्या ओट्यावर करवतीने कापत. पोह्यांवर चमचमणारा कीस दिसला की आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणी, बशी पुढे करून म्हणत, ‘खोबरं समजून खावा.’ कापलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून ते टेलिफोनला चिकटले, दारावरच्या घंटीला चिकटले, स्टॅबिलायझरला तर दोन्ही बाजूंनी चिकटले. ‘मलाबी एक पाठीला लावा,’ आक्का म्हणाल्या, ‘दुपारच्याला मी बी लय तापती.’ दाजींनी त्यांच्या पाठीकडे निरखून पाहिले. ते खरोखरच जागा शोधत असावेत अशी शंका मला अजूनही आहे. माधवनगरच्या एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर पंख्यात कापसाची तुसे अडकून वारंवार बंद पडे. दाजींनी पंखाच काढून टाकला आणि विटेएवढा हीटसिंक पट्टीने चिकटवला. त्यानंतर कॉम्प्युटर बंद पडला नाही. फक्त पेटीचे झाकण पुन्हा कधी लागले नाही. पुढे तिथले दिवाणजी त्या उघड्या पेटीत चहाचा कप ठेवू लागले, कारण तो तिथे कोमट राही. हे कानावर आल्यावर दाजी रागावतील असे मला वाटले होते. ते प्रसन्न झाले. ‘उष्णता भाईर येतीया म्हंजी. पट्टी काम करतीया.’

पट्टी लावण्याचा विधी फार सोवळ्याचा असे. जुन्या धोतराच्या चिंधीला स्पिरिट लावून चिप आणि अल्युमिनियम दोन्ही पुसायचे. मग तिथे कोणी बोट लावायचे नाही, कारण बोटाचे तेल पट्टीला चालत नाही. एका अंगाचा कागद काढून पट्टी अल्युमिनियमवर बसवायची, मग दुसऱ्या अंगाचा कागद काढून सगळेच चिपवर टेकवायचे. टेकवले की सरकवायचे नाही. मग उजव्या अंगठ्याने दाबून धरायचे, आणि ते किती वेळ, याचे माप आक्कांच्या कुकरवर होते. तीन शिट्ट्या होईपर्यंत अंगठा उचलायचा नाही. एका सकाळी मी तिथे असताना दुसऱ्या शिट्टीनंतर गॅस संपला. आक्का नव्या सिलेंडरची वाट पाहत बसल्या आणि दाजी तिसऱ्या शिट्टीची. ‘दाजी, चिकटली असेल आता,’ मी म्हणालो. ‘दोनच झाल्यात, मास्तर,’ ते म्हणाले. अखेर आक्कांनी शेजारणीच्या शेगडीवर कुकर चढवला, तिला खिडकी उघडी ठेवायला सांगितली, आणि तिकडची शिट्टी ऐकून दाजींनी अंगठा सोडवला. एवढ्यावरही भागत नसे. पट्टीला पुरता जोर यायला वेळ लागतो, म्हणून नंतर एक दिवस आणि एक रात्र पेटी आडवीच ठेवायची. ‘बाळंतीण हाय, उठवायची न्हाई,’ अशी घरादाराला ताकीद असे.

दाजींना मुलगी नाही; माझ्या मुलीवर त्यांचा फार जीव. पलूसच्या एका द्राक्षबागायतदारांच्या घरी तिचे लग्न ठरले तेव्हा, रुखवतात कॉम्प्युटर आपण मांडणार, असे त्यांनी जाहीर करून टाकले. पेटी मांडीवर घेऊन ते एसटीने सांगलीला आले. प्रवासाचे हादरे पट्टीला नकोत म्हणून हीटसिंक त्यांनी आमच्या घरी, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चिकटवला. सकाळी पेटी आडवीच्या आडवी कार्यालयात नेली. ‘पाठवणीपतूर बाळंतीण उठून बसंल,’ ते मला म्हणाले. ‘तवर हात लावू नका.’

रुखवताच्या टेबलावर लोकरीचे हंस होते, करंज्यांचा डोंगर होता, आगकाड्यांचे तुळशीवृंदावन होते, आणि मधोमध ती आडवी पेटी. पाहुणे येत आणि विचारत, ‘ह्या खोक्यात काय, कपबश्या का?’ आमच्या घरातून मुलीला कॉम्प्युटर जातो आहे हे कोणी न सांगता सर्वांना दिसावे, एवढीच माझी इच्छा होती. आज मी तिला इच्छा न म्हणता मिरवण्याची हौस म्हणतो. दाजी पहिल्या पंगतीत वाढायला गेले आणि मी पेटी उचलून खिडकीपाशी उभी केली. वर झेंडूची माळ सोडली. मे महिन्याचे ऊन तिच्यावर सरळ पडत होते. ती फार शोभून दिसत होती, आणि लोक थांबून पाहतही होते. पंगत उठली तेव्हा मी माळ काढली आणि पेटी होती तशी आडवी करून ठेवली. आतून काही सरकल्यासारखे वाटले. मी ते मनावर घेतले नाही.

दुपारी व्याही चार पाहुण्यांना घेऊन रुखवत पाहायला आले. ‘आवं पाव्हणं, चालू करून दावा की,’ ते दाजींना म्हणाले. दाजींनी संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितले. ‘आमी बागंत मोटर बसवली की तवाच पाणी काढून बघतो,’ व्याही म्हणाले. ‘तुमची काय मुहूर्त बघून सुरू हुतीया व्हय?’ दाजींचा नाइलाज झाला. तार जोडण्यासाठी त्यांनी पेटी पुढे ओढली आणि आत काहीतरी खडखडले. झाकण काढले, तर हीटसिंक चिपवरून सुटून कोपऱ्यात पडलेला. व्याही वाकून म्हणाले, ‘ह्याचा तर दात पडला की.’ मागून कोणी तरी म्हणाले, ‘बाळंतीण म्हणत हुते, म्हातारी निघाली.’ सगळे हसले, सर्वांत मोठ्याने आक्का. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. आणि मीही हसलो. दाजींनी त्या तुकड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मुलीच्या बापाच्या तोंडावर त्या दिवशी जी धास्ती असते तेवढीच त्यांना दिसली असावी. ते ताठ उभे राहिले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, ‘मुलीकडच्यांचा ह्यात काई दोष न्हाई. चूक माझी. अंगठा कमी पडला.’

मग नवी पट्टी लावून ते तिथेच खाली बसले. पेटी मुलीबरोबरच गेली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. कार्यालयाचा स्वयंपाक मोठ्या पातेल्यांत. तिथे कुकर नव्हता आणि शिट्टीही नव्हती, त्यामुळे अंगठा केव्हा उचलावा हे त्यांना कळेना. बाहेर पाठवणीची गडबड सुरू झाली, बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या, आणि दाजी आत अंगठा दाबून बसलेले. शेवटी मुलगीच शालू सावरत आत आली आणि त्यांच्या पायांशी वाकली. ‘काका, येते.’ त्यांना उठता येईना. त्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. ‘उजवा मोकळा न्हाई, बाळ. ह्योच घे.’ ती रडता रडता हसली. मी दारात उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर एका वाक्यात भागले असते.

पेटी त्या दिवशी गेली नाही. दाजींनी ती मागाहून स्वतः पलूसला पोहोचवली आणि ती उत्तम चालली. पण हीटसिंक आता तारेने आवळून बांधलेला होता. पट्टीचे नाव त्यांनी टाकले. पुढे कोणत्याही कार्यात ते दिसले की कोणी ना कोणी ‘दाताचे डॉक्टर आले’ असे म्हणे, आणि तेही हसत. आमच्याकडे येणे त्यांनी सोडले नाही. पण आले की चारचौघांसारखे सरळ खुर्चीवर बसू लागले. एकदा टीव्ही खरोखरच तापला होता, तेव्हा मीच म्हणालो, ‘दाजी, याला ताप आहे वाटते.’ ‘असंल,’ ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले. चूक किरकोळ होती, सांगून आता काय उपयोग, अशी समजूत मी स्वतःची बरीच घातली. टीव्हीकडे पाठ करून बसलेला तो माणूस समोर आला की एकही समजूत टिकत नसे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला गेलो, तर स्वयंपाकघरातले कॅलेंडर भिंतीला त्या करड्या पट्टीने चिकटवलेले. मी पाहत राहिलो तेव्हा आक्का म्हणाल्या, ‘पडूनच हुती की. लाडवाच्या डब्यालाबी तीच लावती. मुंगी जात न्हाई.’ बाहेरच्या खोलीत दाजी पेपर वाचत होते. त्यांना हे ऐकू गेले होते, तरी त्यांनी मान वर केली नाही. ते मला सोसले नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि हलक्या आवाजात सगळी हकीकत सांगितली. सांगताना ऊन, गर्दी, पाहुण्यांचे प्रश्न अशी कारणेही जोडली. दाजींनी पेपर खाली ठेवला.

‘उभी किती येळ हुती?’

‘पहिली पंगत उठेपर्यंत.’

‘उन्हात?’

‘खिडकीपाशी.’

ते बराच वेळ स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे पाहत राहिले. ‘म्हंजी अंगठा बराबर हुता,’ ते म्हणाले. ‘पट्टीबी बराबर हुती. तीन वर्सं मी तिला बोल लावला, मास्तर. मद्रासला पत्र धाडलं, तुमची पट्टी भिकार हाय म्हणून.’ मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि कॅलेंडर भिंतीवरून सोडवू लागले. मीही मागोमाग गेलो.

‘आवं, आता ते कशाला काढताय?’ आक्का म्हणाल्या.

‘ही कॅलेंडराला लावायची वस्तू न्हाई.’

पट्टी सुटेना. कॅलेंडरचा कोपरा फाटला, भिंतीचा पोपडा निघून आला. ‘बघा,’ दाजी मला म्हणाले, ‘कशी धरलीया,’ आणि त्यांनी तिच्यावर पालथा हात ठेवला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी हकीकत सांगितली, कारणे सांगितली, आणि जे सांगायला हवे होते ते सोडून बाकी सगळे सांगितले. ती माफी मी पुटपुटलो. दाजी नखाने पट्टी सोडवतच होते.

‘मोठ्यानं म्हणा, मास्तर,’ ते माझ्याकडे न बघता, आक्कांकडे मान वळवून म्हणाले. ‘हिलाबी ऐकू जाऊ द्या. समद्यांत जास्त हीच हसलीया.’

आक्कांनी हातातला डबा खाली ठेवला. भरल्या वर्गातही मी कधी इतक्या मोठ्याने बोललो नसेन.

‘दाजी, पेटी मी उभी केली होती. चूक माझी होती. ती तुम्ही सगळ्यांसमोर आपल्या अंगावर घेतलीत आणि मी हसत उभा राहिलो. मला माफ करा.’