सासूबाईंचं बोट

पंखे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या त्या माणसाला एकच छंद होता, गॅलरीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी देणारं यंत्र. मातीत खुपसलेला सेन्सर ओलावा मोजायचा आणि आकडा खाली गेला की बादलीतला छोटा पंप सुरू व्हायचा. पण नेमका कोणता आकडा धरायचा, यावरून त्याचं नि सासूबाईंचं रोज वाजायचं. शेवटी त्यांनी मातीत बोट घातलं.

"आत्ता द्या पाणी, जावईबापू. तुमच्या डबीला काय कळतंय?"

तो चरफडला, पण तेव्हाचा आकडा त्याने गुपचूप यंत्रात बसवला. झाडं तरारली.

पुढे सासूबाई गेल्या. मग सेन्सर गंजला आणि त्याला ओली मातीही कोरडी वाटू लागली. तो जेवायला बसला की पंप घुर्र, जरा डोळा लागला की घुर्र. अगदी त्यांच्यासारखंच, माणसाला म्हणून टेकू द्यायचं नाही.

"अहो, मुळं कुजतायत," बायको करवादली. "नवा सेन्सर आणलाय ना? मग बसवा की!"

नव्या सेन्सरचे आकडे वेगळे होते, सासूबाईंचा आकडा त्याला चालणार नव्हता आणि 'आत्ता' म्हणणारं बोट आता नव्हतं. त्याने स्वतःचं बोट मातीत घातलं. नुसता चिखल. तेवढ्यात पंप घुरघुरला.

एवढ्या वर्षांत त्याने त्यांचं एकही म्हणणं वाद घातल्याशिवाय ऐकलं नव्हतं.

"बरं, आई," तो म्हणाला आणि बादली भरायला उठला.