अनगोळच्या घराचा जिना

परगावी राहून घर भाड्यानं दिलं की भाडं महिन्यातून एकदाच येतं. किस्से मात्र कधीही येतात! मी पुण्यात, बाबांनी मागं ठेवलेलं घर बेळगावात, अनगोळला. वरच्या मजल्यावर निपाणीकडच्या सुमतीआक्का आणि त्यांचे यजमान भाड्यानं राहतात. मैत्रिणी विचारतात, "विकून का टाकत नाहीस?" मग मी किस्से सांगत बसते आणि विकायचं राहूनच जातं.

*

सुरुवात नोटिशीनं झाली. आमचा बाहेरचा जिना गटारीवर आलाय, अशी कुणीतरी तक्रार केलेली. नोटीस कन्नडमधून, आणि माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं. आक्कांनी फोटो पाठवला. गच्च भरलेलं पान, खाली गोल शिक्का. मांडीवर रडणारी लेक, कानाला फोन.

"आक्का, काय लिहिलंय?"

"लई काय न्हाय. घाबरू नका म्हणून लिहिलंय."

"एवढं पानभर?"

"सरकारी भाषा हाय की. लांबतीच!"

*

जिना पाडून हद्दीच्या आत घेतला नाही तर वरचा मजला सील, हे शेवटी मोबाईलनं भाषांतर करून सांगितलं. मला एकच काळजी : आक्का घर सोडतील. त्या आहेत म्हणून त्या घरात संध्याकाळी दिवा लागतो.

नवऱ्याला विचारलं, "जातील का रे त्या?"

"मी असतो तर गेलो असतो."

धीर द्यायची ही याची पद्धत!

*

पालिकेचे साहेब पाहणीला आले ते ऊन उतरल्यावर. मी व्हिडिओ कॉलवर. आक्का जैन, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. आणि त्या वेळी दारात आलेल्याला उपाशी ठेवणं त्यांना जमत नाही.

"आधी जेवून घ्या साहेब. मावळल्यावर आमच्यात काय मिळत न्हाय."

साहेब 'नको, नको' म्हणत जेवले, चांगले दोनदा भात घेऊन जेवले. हात धुऊन बघतात तर अंधार! मापं राहिलीच.

दुसऱ्या दिवशी ते सकाळी आले आणि खालूनच ओरडले, "आक्का, नाश्ता करून आलोय!"

जिना पाडावाच लागेल म्हणाले. पण नवा होईपर्यंत सील करणार नाही, असंही म्हणाले. देव त्यांचं भलं करो.

*

तक्रार कुणाची, हे शोधावंच लागलं नाही. शेजारच्या आप्पांचाच फोन आला.

"मीच दिलती तक्रार. गटार तुंबतीया, पाणी आमच्या दारात येतंय."

"अहो आप्पा, मग मला सांगायचं ना!"

"तुला सांगितलं की तू रडतीस. म्हणून पालिकेला सांगितलं."

मी रडलेच.

*

जिना पाडला. आता आक्का वर जाणार कशा? आप्पांची आणि आमची गच्ची एकमेकींना चिकटून. आप्पाच म्हणाले, "आमच्या घरातनं जावा की!" झालं! भाडेकरूंचा रस्ता आता आप्पांच्या सोप्यातून, टीव्हीपुढून, त्यांच्या माडीवरून.

आठवड्यात आप्पांचा फोन. "तुझा भाडेकरू रोज बरोबर बातम्यांच्या मधी येतोय!"

"सॉरी आप्पा! गवंड्याला घाई करायला सांगते."

"घाई कशाला? आता बसतोय आमच्यातच. निम्म्या बातम्या मलाच त्याला सांगाव्या लागत्यात."

*

नवा जिना झाला. नियमात, हद्दीच्या आत. लेकीला कडेवर घेऊन बघायला गेले. आधी कठडा गदागदा हलवून पाहिला. गवंडी म्हणाला, "बाई, तुम्ही पडाल, कठडा न्हाय पडायचा!"

वर जायला वळले, तर पायरीपायरीवर काकूंचे, म्हणजे आप्पांच्या बायकोचे, सांडगे वाळत घातलेले. पाय ठेवायला जागा नाही!

"आक्काऽ!"

आक्का भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि सरळ आप्पांच्या दारात शिरल्या.

"अहो आक्का, जिना झालाय की!"

"व्हय की. लई झक्क झालाय!"

"मग वर जात का नाही त्यावरनं?"

आतून आप्पांचा आवाज आला, "नवा हाय गं! वापरून खराब कशाला करायचा? ये, पोरीला घिऊन इकडनं ये."