मालनकाकूंची वाढलेली कांदळं

मालनकाकूंच्या तोंडून अभद्र शब्द कधी निघाला नाही. डब्यातले तांदूळ संपले, की त्या म्हणायच्या, तांदूळ वाढले. बांगडी फुटली, तर तीही वाढली. नवरा सखाराम गेला तेव्हा मुंबईहून फोन करणाऱ्या दिराला त्यांनी एवढंच सांगितलं, की ह्यांना आता काही त्रास नाही. दीर बिचारा निर्धास्त झाला. त्याला खरं कळवायला शेजारच्या हफीजाला पुन्हा फोन लावावा लागला.

आरे-वाऱ्याच्या अलीकडे खाडीकाठी त्यांचं घर. ओहोटीला कालवं काढायला जाण्यात जन्म गेलेला, म्हणून खारफुटीचा अभ्यास करायला आलेल्या वेदिकाने सोबतीला त्यांनाच धरलं. वेदिका मूळची लांज्याची, पण वाढली पुण्यात. इथे वाढली म्हणजे खरोखरच वाढली.

खारफुटीतली चिपी कुठे, तिवर कुठे, कांदळ कुठे आणि कुठे काहीच नाही, हे ती फिरून टिपायची. पाणी किती खारट, भरती कुठवर चढते, तेही मोजायची. मग तिचा संगणक हिशेब मांडून सांगायचा, कुठलं झाड कुठे असेल आणि कुठे जगेल. ती त्याला मॉडेल म्हणायची, काकू मॉडेलबाई म्हणायच्या.

बांधाच्या कोपऱ्यावर सखारामने कांदळाच्या शेंगा चिखलात खोचून एक रांग उभी केली होती. भरतीचा मार ती रांग खायची, म्हणून आतलं भात वाचायचं. पुढे बांधाखालून पाणी जाणारी मोरी गाळाने तुंबली, मुळांशी पाणी कुजलं, आणि सखारामच्या मागोमाग रांगही गेली. मोरी नंतर मोकळी झाली, पण काकू काही तिकडे फिरकल्या नाहीत. वेदिकाने लांबूनच बोट दाखवून विचारलं, तेव्हा मान फिरवून त्या म्हणाल्या, “थितली कांदळं वाढली गो.” भरती चढत होती, जवळ जाऊन बघता येईना. वेदिकाने नकाशात तिथे झाडं असल्याचा हिरवा ठिपका दिला.

पावसाळा सरल्यावर नकाशा तयार झाला. वेदिकाने तो काकूंच्या पडवीत उघडला. पांढऱ्या जागा रिकाम्या, तिथे नवी रोपं लावायची होती. काकूंचा कोपरा मात्र गर्द हिरवा. तिथे कांदळं भरपूर आहेत, रोपांची गरजच नाही, असं ती म्हणाली.

काकूंना वेडी आशा लागली. एवढं शिकलेलं यंत्र म्हणतंय, तर फुटलीही असतील बापडी. ओहोटी लागताच त्या एकट्याच निघाल्या. गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी पाहिलं, तर नुसते काळे खुंट. बांधही खचत चाललेला. एखादं मोठं उधाण आलं असतं तर शेतात खारं पाणी शिरलं असतं.

चिखलाच्या पायांनीच त्या परतल्या आणि तुझी मॉडेलबाई खोटारडी आहे म्हणाल्या. वेदिका गोंधळली. वाढली असं काकूंनीच तर सांगितलं होतं. काकूंनी कपाळाला हात लावला आणि तांदळाच्या डब्याची गोष्ट समजावून सांगितली. वेदिका हसायला लागली, पण काकू हसत नाहीत हे पाहून थांबली.

“काकू, मॉडेलला सरळच सांगावं लागतं,” ती हळूच म्हणाली. “काय झालंय तिथे?”

काकू पायावरचा चिखल नखाने खरवडू लागल्या.

“मेली गो बाय,” त्या म्हणाल्या. “सगळी मेली. ह्यांच्या हातची होती.” आणि मग, “हे पण मेले.”

इतके दिवस अडवलेलं रडू एकदम बाहेर आलं. वेदिकाने संगणक बाजूला सारला आणि चिखलासकट त्यांना पोटाशी धरलं. तिलाही रडू आवरेना.

पुष्कळ वेळाने तिने तो ठिपका पुसला आणि हिशेब नव्याने मांडला. कोपरा फिकट होत होत पांढरा झाला. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि वाकून नकाशाकडे पाहिलं.

“आता थितं लावता येतील ना?” त्यांनी विचारलं.