ऑरलँडोचं चौथं तिकीट

“मॅडम, ते चौघांचं आता तिघांचं करा,” संतोषराव म्हणाले. “मी आन् दोन पोरं. मिसेस येत नाय.”

लिहिता लिहिता मी थांबले. कर्वेनगरमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी सत्तावीस वर्षं डॉक्युमेंट्सचं टेबल सांभाळलं. म्हणजे पासपोर्ट, दाखले, व्हिसाचे फॉर्म तपासायचे. लोकांना वाटतं सहल म्हणजे विमान आणि हॉटेल. अहो, आधी कागद! कागदांवरची नावं एकमेकांशी जुळली नाहीत तर विमान तुम्हाला न घेता जातं.

संतोषराव हिंजवडीचे. आयटी कंपन्यांना त्यांच्या बसगाड्या लावलेल्या. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. मे महिन्यात ऑरलँडोला जायचं होतं. अमेरिकेतलं हे शहर म्हणजे थीम पार्कच थीम पार्क, एका पाळण्यातून उतरायचं आणि दुसऱ्यात बसायचं. डिसेंबरात ते आले तेव्हा चौघांचं ठरलं होतं. बायकोचा जुना पासपोर्टही दिला होता. नाव शोभा, आडनाव माहेरचं, मुदत संपत आलेली. मी म्हटलं, नवा काढून घ्या. महिनाभराने परत आले ते हे घेऊन.

“का येत नाहीत?”

“तिला विमानाची भीती वाटती.”

“डिसेंबरात वाटत नव्हती?”

“आता वाटाय लागली.”

झालं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी नोकरीत नवीन असताना एका बापाला त्याच्या मुलीचे कागद असेच हसतमुखाने करून दिले होते. पुढच्या महिन्यात त्या मुलीची आई माझ्या टेबलासमोर बसून रडत होती. माझी मुलगी कुठे नेली म्हणून मला विचारत होती. तेव्हापासून मुलं आईशिवाय परदेशी निघाली की आईचं संमतिपत्र घेतल्याशिवाय मी फाइल हलवत नाही.

संतोषरावांनी दुसऱ्याच दिवशी संमतिपत्र आणून दिलं. खाली सही होती वैष्णवी. मुलांच्या पासपोर्टवरही आईचं नाव वैष्णवीच होतं. त्याचं मला नवल नव्हतं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर नवरीचं नवं नाव लिहितात, आणि पुढे जन्मभर बाईची दोन नावं आणि आमची दुप्पट कामं. ते रोजचंच.

पण सही बघून मी चष्मा काढून पुसला. वैष्णवीतल्या ‘ष’च्या पोटातली रेघ पार बाहेर ओढलेली होती. फॉर्मवर संतोषरावांची सही होती. त्यातल्या ‘ष’ची रेघही अशीच बाहेर.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे मालक. ते म्हणाले, “बाई, हे ऑफिस आहे, पोलीस चौकी नाही. कस्टमर हातचा जाईल.”

“जाऊ दे. पोरं हातची गेली तर कोण आणून देणार? तुम्ही?”

सरांनी चहा मागवला. म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

मी संतोषरावांच्या घरचा नंबर फिरवला. फोन म्हाताऱ्या बाईंनी उचलला. त्यांच्या आई असणार.

“शोभाताई आहेत का?”

“कोन शोभा? हितं कोन शोभा न्हाय.” आणि फोन आपटला.

बाई घर सोडून गेली? की घालवली? की त्याहून वाईट काही? मी लगेच संतोषरावांना मोबाइलवर गाठलं. “उद्या मिसेसना घेऊन या, नाहीतर फाइल परत न्या.”

“तुमाला माझ्यावर संशय हाय का?”

“आहे.”

दुसऱ्या दिवशी दार उघडून एक बाई एकटीच आत आली. “मी शोभा. काल फोन तुम्हीच केला होता ना? सासूबाईंनी आपटला तेव्हा मी शेजारीच उभी होते. शोभा म्हणून विचारणारं दुसरं कोण असणार, माझा जुना पासपोर्ट तुमच्याकडेच आहे.”

मी पासपोर्टवरचा फोटो आणि समोरचा चेहरा तीनदा ताडून पाहिला. तीच होती. हुश्श झालं. विमानाच्या भीतीचं विचारलं तर ती हसली.

“मी नर्स आहे. मस्कतला नोकरी लागत होती म्हणून हा पासपोर्ट काढलेला. लग्न ठरलं आणि मस्कत राहिलं. आता हे म्हणतात, नव्यावर वैष्णवी कर. मी फॉर्म भरलासुद्धा. सही करताना हात चालेना. घरात नऊ वर्षं वैष्णवी म्हटलं की ओ देते, पुढेही देईन. पण माझ्या सर्टिफिकेटवर शोभा आहे. माझे वडील शेवटपर्यंत मला शोभाच म्हणत होते. तर हे म्हणाले, नावासाठी अडतेस तर बस घरीच.”

“आणि हे संमतिपत्र?”

तिने ते वाचलं. पहिल्यांदाच पाहत होती. “माझ्या पोरांना माझ्या खोट्या सहीनं नेणार होते?” एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

मला असा संताप आला म्हणता! संतोषरावांना बोलावून घेतलं. ते आल्या आल्या मी कागद पुढे सरकवला. “ही सही कुणाची?”

ते टेबलाकडे बघत म्हणाले, “माझी. पोरीला शब्द दिला होता, मॅडम.”

मी मग दोघांना सरळ हिशोब समजावला. पासपोर्ट वैष्णवी नावाने काढला तर मुलांचे कागद जुळलेलेच आहेत, धावपळ करून मे महिना गाठता येईल. शोभा नावाने काढला तर मुलांच्या जन्मदाखल्यात आईचं नाव दुरुस्त करायचं, मग त्यांचे पासपोर्ट पुन्हा. मे गेला. दिवाळी मिळेल.

शोभाच आधी बोलली. “पोरं रडतील हो. लिहा वैष्णवी.” तिने पेन उचललं. सवयीने ‘शो’ लिहिलं आणि खोडलं.

आता बोलायची पाळी माझी नव्हती.

“ऱ्हाऊ दे,” संतोषराव म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. “दिवाळीचं करा, मॅडम. पोरीला मी सांगतो.” मग एकदम काळजीने, “पण आमची आई काय म्हनंल?”

“आईंना ऑरलँडोला न्यायचंय?”

“नाय.”

“मग त्यांना कशाला विचारता?”

खोटं संमतिपत्र त्यांनी माझ्यासमोरच फाडलं. पुढचे सहा महिने दाखल्यांसाठी हेलपाटे मात्र घातले, तक्रार केली नाही. चौघांचा व्हिसा झाला.

तिकिटं देताना आमच्याकडे नावं कस्टमरकडूनच मोठ्याने वाचून घेतात, स्पेलिंग चुकू नये म्हणून. संतोषरावांनी स्वतःचं वाचलं, पोरांचं वाचलं. चौथ्यापाशी अडखळले. मग म्हणाले, “शोभा.” कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “लग्न झाल्यापास्नं पहिल्यांदा म्हणलं बघा.”

“नीट वाचा,” शोभा म्हणाली. “परत एकदा. स्पेलिंग चुकलं तर?”

त्यांनी परत वाचलं.

मला मुलं पळवण्याचा संशय होता. तो साफ चुकला. पण संशय घेतला नसता तर त्या बाईचं नाव कुणी विचारलंच नसतं, म्हणून मी ती सवय सोडलेली नाही. फक्त प्रश्न बदलला. बाई फॉर्म भरायला आली की मी विचारते, “तुम्हाला कोणतं नाव हवंय?” पुष्कळ जणी आधी शेजारच्या नवऱ्याकडे बघतात. मग मी नवऱ्याला झेरॉक्स आणायला पाठवते.