ताईचा आवाज

माझ्या मोठ्या ताईला दिसत नाही. तिला पुस्तके वाचून दाखवील असा मराठी प्रोग्राम धड मिळेना, तेव्हा बालाघाटला आमच्या वॉर्डातल्या विहारात रविवारी जमणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांनी तो स्वतःच बनवायला घेतला. आवाज ताईनेच दिला. मे महिना, रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून पंखा बंद. मी कानाशी वाक्य सांगायचो आणि ती घाम पुसत ते स्वच्छ म्हणायची. त्यावरून शिकून प्रोग्राम कोणताही मजकूर तिच्या आवाजात वाचायचा. लालबर्र्याहून येणारे एक मास्तर आकड्यांचे उच्चार सुधारून द्यायचे. कोड उघडा होता. कोणीही पाहावा, बदलावा, पुढे द्यावा. त्या दिवसांत मी खरोखर सुखी होतो, हे आता सांगतानाही चीड येते.

भांडण एकाच गोष्टीवरून झाले. मी म्हणत होतो, लायसन्समध्ये अट घाला: जो यात बदल करून पुढे देईल, त्याने आपला कोडही असाच उघडा ठेवावा. आमच्यातला सगळ्यात हुशार गडी हसला.

"आपल्याच लोकायले अट घालाची? बुद्धपौर्णिमेले खीर वाटतो, तं सही घेतो का कोनाची?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. विहारात बसून अविश्वास दाखवणे शोभत नाही म्हणे. अट गेली. खीर वाटताना आजवर कोणी पातेलेच उचलून नेले नव्हते, इतकेच.

पुढे त्यानेच नेले. भोपाळला कंपनी काढली, आपल्या सुधारलेल्या प्रोग्रामला कुलूप घातले, आणि आमच्यातल्या तिघांना नोकरीवरही घेतले. मी फोन केला तर म्हणाला, "तुमचा कोड तुमच्याजवळच हाय ना? मी काय चोरून नेला?"

कायद्याने त्याचे खरे होते. पण ताईचा कॉम्प्युटर बदलला तेव्हा आमचा जुना प्रोग्राम नव्यावर चालेना. दुरुस्त करणारे सगळे त्याच्याकडे. मला एकट्याला ते जमले नाही. शेवटी दातओठ खात मी त्याचेच ॲप तिला लावून दिले.

काही दिवस ती खूश होती. मग एका दुपारी कादंबरी ऐन रंगात आली असताना वाचन थांबले, आणि ताईच्याच आवाजात ऐकू आले, "आपली मोफत मुदत संपली आहे. पुढे ऐकण्यासाठी सदस्यत्व घ्या."



"मी तं असं कोनालेच कधी बोलली नाही रे," ताई म्हणाली.